लोहार आणि हॅकर : क्विअर सायबरपंक कादंबरीतील सक्तीच्या गुन्ह्याचे स्वरूप

सारांश

सायबरपंक या विज्ञानकादंबरीच्या प्रकारात इच्छेविरुद्ध गुन्ह्यात ओढला गेलेला हॅकर हे एक परिचित पात्र आहे. विल्यम गिब्सन यांच्या 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) या कादंबरीने हे पात्र रूढ केले. पुढील दशकात मेलिसा स्कॉट आणि निकोला ग्रिफिथ यांनी समलिंगी स्त्री-नायिकांना केंद्रस्थानी ठेवून याच कथासूत्राची पुनर्रचना केली. प्रस्तुत लेखात या तीन कादंबऱ्यांतील सक्तीचे स्वरूप स्पष्ट केले आहे. ज्या व्यक्तीला कायद्याचे संरक्षण मागण्याचा मार्ग बंद असतो, तिच्यावर सक्ती करणे सर्वांत सोपे असते, हे सत्य क्विअर सायबरपंक कादंबरीने विसाव्या शतकाच्या इतिहासातून उचलले आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९४ हे धमकीखाली केलेल्या कृत्याविषयी होते. त्याच्या स्पष्टीकरणात एका लोहाराचे उदाहरण दिलेले होते. दरोडेखोरांच्या टोळीने एखाद्या लोहाराला पकडले, तत्काळ मृत्यूची धमकी देऊन त्याला आपली हत्यारे घेऊन एका घराचे दार फोडण्यास भाग पाडले, तर तो लोहार गुन्हेगार ठरत नाही. मात्र जो मनुष्य स्वखुशीने टोळीत सामील झाला, त्याला या अपवादाचा लाभ मिळत नाही. हत्या आणि देहदंडास पात्र असलेले राज्याविरुद्धचे गुन्हे यांनाही हा अपवाद लागू नव्हता.

सायबरपंक कादंबरीतील हॅकर हा या लोहाराचाच वंशज म्हणता येईल. त्याच्याजवळ कुलूप उघडण्याचे दुर्मीळ कौशल्य असते. ते कौशल्य दुसऱ्या कोणाला तरी हवे असते, आणि ते मिळविण्यासाठी त्याच्या मानेवर सुरी ठेवली जाते. तथापि कायद्याने या अपवादाची चौकट फार अरुंद आखली होती. धमकी तत्काळ मृत्यूची असली पाहिजे. नोकरी जाईल, घरच्यांना कळेल, बदनामी होईल ही भीती कितीही तीव्र असली तरी ती कलम ९४ मध्ये बसत नव्हती. या चौकटीबाहेर उरलेली सक्ती कशी चालते, हा प्रश्न क्विअर सायबरपंक कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे.

मराठी वाचकाला विज्ञानकथेची परंपरा अपरिचित नाही. त्याचप्रमाणे समलिंगी स्त्रीच्या कोंडमाऱ्याचे चित्रण विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकाने मराठी रंगभूमीवर आणले होते. विज्ञानकथा आणि समलिंगी अनुभव हे दोन प्रवाह इंग्रजी सायबरपंकमध्ये जेथे एकत्र येतात, त्या स्थळाचा हा अभ्यास आहे. 'क्विअर' ही संज्ञा येथे रूढ लैंगिक चौकटीबाहेरील व्यक्ती, अनुभव आणि लेखन यांच्यासाठी व्यापक अर्थाने वापरली आहे.

सायबरपंक : संकल्पना व पार्श्वभूमी

'सायबरपंक' हा शब्द ब्रूस बेथके यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या कथेच्या शीर्षकातून प्रचारात आला. ब्रूस स्टर्लिंग यांनी संपादित केलेल्या 'मिररशेड्स' (१९८६) या कथासंग्रहाने या लेखनाला चळवळीचे रूप दिले. बलाढ्य व्यापारी कंपन्या, दुबळे झालेले शासन, शरीरात बसविलेली यंत्रे आणि संगणकजालाच्या आभासी अवकाशात वावरणारे चोर ही या कथांची ठळक वैशिष्ट्ये होत. तंत्रज्ञान अत्युच्च आणि जीवनमान हीन, अशी ही सृष्टी आहे.

या चळवळीच्या प्रारंभकाळाविषयी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. 'मिररशेड्स'मधील लेखकांत पॅट कॅडिगन या एकमेव स्त्री होत्या. निकोला निक्सन यांनी १९९२ साली 'सायन्स फिक्शन स्टडीज' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात सायबरपंकच्या क्रांतिकारकतेच्या दाव्यावरच प्रश्नचिन्ह उभे केले. १९७० च्या दशकातील स्त्रीवादी विज्ञानकथेचे ऋण या लेखकांनी झाकून ठेवले, असा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. सॅम्युएल डिलेनी या ज्येष्ठ समलिंगी लेखक-समीक्षकांनीही गिब्सन यांच्या मॉली या पात्राचे जोआना रस यांच्या 'द फीमेल मॅन' (१९७५) या कादंबरीतील जेएलशी असलेले साम्य दाखवून दिले. ज्यांचा वारसा विसरला गेला होता, त्यांच्याच परंपरेतून पुढे क्विअर सायबरपंक उभे राहिले.

'न्यूरोमॅन्सर' : शरीरावरील सक्ती

'न्यूरोमॅन्सर'चा नायक केस हा एकेकाळचा निष्णात हॅकर. त्याने आपल्याच मालकांची चोरी केली. शिक्षा म्हणून त्यांनी विष देऊन त्याची मज्जासंस्था अशा रीतीने दुखावली की त्याला पुन्हा आभासी अवकाशात प्रवेश करता येऊ नये. जपानमधील चिबा येथे तो नशेच्या आणि किरकोळ गुन्ह्यांच्या आधाराने कसाबसा जगत असतो. अशा वेळी आर्मिटाज नावाचा मनुष्य त्याला गाठतो. तो शस्त्रक्रियेने केसची मज्जासंस्था दुरुस्त करून देतो, मात्र त्याच शस्त्रक्रियेत त्याच्या रक्तवाहिन्यांच्या आत विषाच्या लहान पिशव्या बसवितो. या पिशव्या हळूहळू विरघळत जाणाऱ्या असतात. काम वेळेत पुरे केले तर त्या निष्प्रभ करण्याचा उपाय मिळेल, अन्यथा केस पुन्हा पूर्वीसारखा पंगू होईल.

येथे सक्ती आणि उपकार एकाच हातून येतात, आणि हेच या योजनेचे बळ आहे. ज्याने विष घातले त्यानेच हरवलेले जग परत दिले. त्यामुळे केस आपल्या मालकाचा मनापासून द्वेष करू शकत नाही. पुढे उघड होते की आर्मिटाजदेखील बाहुले आहे. त्याच्यामागे विंटरम्यूट नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, आणि तीही मानवी कायद्याने घातलेल्या बेड्यांतून सुटण्यासाठी धडपडते आहे. सक्तीची ही साखळी माणसापासून यंत्रापर्यंत जाते.

कलम ९४ च्या कसोटीवर केसचे प्रकरण टिकणार नाही. त्याच्यावरील धमकी तत्काळ मृत्यूची नाही, आणि गुन्हेगारीच्या मार्गावर तो स्वतःहून आलेला आहे. परंतु कादंबरीला या प्रश्नात फारसे स्वारस्य नाही. केस शरीराला केवळ मांस मानतो, आणि त्याच्या दृष्टीने सक्तीही शरीरापुरतीच असते. रक्त बदलले की ती संपते. आपले नाव, आपले प्रेम, आपली ओळख यांचा गळफास होऊ शकतो, हा विचार त्याला शिवत नाही. त्याच्याजवळ लपविण्यासारखे असे काही नाही.

इतिहासातील पूर्वपीठिका : तक्रारदार ते आरोपी

'न्यूरोमॅन्सर'मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेला आपल्या मर्यादेबाहेर जाऊ न देणारे एक पोलीस दल आहे. त्या दलाला ॲलन ट्युरिंग यांचे नाव दिलेले आहे. संगणकशास्त्राच्या या आद्य प्रणेत्याचे नाव पोलीस दलाला असावे, यात इतिहासाचा मोठाच विरोधाभास आहे.

जानेवारी १९५२ मध्ये इंग्लंडमधील विल्म्स्लो येथील ट्युरिंग यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी रीतसर पोलिसांत तक्रार केली. संशय त्यांच्या एका तरुण मित्राच्या ओळखीच्या माणसावर होता. तपासात ट्युरिंग व त्या तरुणाचे संबंध उघड झाले आणि तक्रारदारच आरोपी झाला. १८८५ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीच्या कलम ११ अन्वये मार्च १९५२ मध्ये त्यांना दोषी ठरविण्यात आले. तुरुंगवास टाळण्यासाठी त्यांना संप्रेरकांचे उपचार पत्करावे लागले. सरकारी गुप्त कामासाठी लागणारी त्यांची परवानगी काढून घेण्यात आली. ७ जून १९५४ रोजी त्यांचा मृत्यू झाला. २०१३ साली त्यांना मरणोत्तर राजक्षमा मिळाली.

१८८५ च्या या कलमाला इंग्लंडमध्ये 'ब्लॅकमेल करणाऱ्याची सनद' असे उपहासाने म्हटले जात असे. ट्युरिंग यांच्या प्रकरणावरून त्या नावाची यथार्थता लक्षात येते. ज्याच्या घरी चोरी झाली त्याला पोलीस ठाण्याची पायरी चढणे हेच सर्वांत मोठे संकट ठरत असेल, तर त्याला लुटणे, धमकावणे वा राबविणे निर्धोक होते.

भारतीय दंड संहितेच्या रचनेतही ही जाणीव नोंदली गेली होती. खोट्या वा खऱ्या आरोपाची भीती घालून खंडणी घेणाऱ्यास शिक्षा देणाऱ्या कलम ३८८ मध्ये एक विशेष तरतूद होती. भीती घातलेला आरोप कलम ३७७ खालील गुन्ह्याचा असेल, तर खंडणीखोराला जन्मठेपेपर्यंत शिक्षा देता येत असे. म्हणजे ज्या संहितेने समलिंगी संबंध गुन्हा ठरविले, तिलाच या गुन्ह्याचा उपयोग धमकावण्यासाठी होणार याची कल्पना होती. परंतु या संरक्षणाचा लाभ घ्यायचा तर पीडिताला आधी पोलिसांसमोर उभे राहावे लागे, आणि तेथे कलम ३७७ त्याची वाट पाहत असे.

अमेरिकेत हाच तर्क उलट्या दिशेने वापरला गेला. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १०४५० क्रमांकाच्या आदेशानंतर समलिंगी व्यक्तींना संघराज्याच्या सेवेतून दूर करण्याच्या मोहिमेला बळ मिळाले. अशा व्यक्तींना शत्रू धमकावू शकतो, म्हणून त्या अविश्वसनीय, हे त्यामागचे एक मुख्य समर्थन होते. धमकी शक्य करणारी बदनामी आणि शिक्षा शासनानेच निर्माण केली होती. सक्तीचा संभाव्य बळी हाच संभाव्य गुन्हेगार मानला गेला.

'ट्रबल अँड हर फ्रेंड्स' : नावावरील सक्ती

१९८६ या एकाच वर्षात अमेरिकेत दोन घटना घडल्या. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉवर्स विरुद्ध हार्डविक या खटल्यात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा जॉर्जिया राज्याचा कायदा वैध ठरविला. ऑक्टोबरमध्ये संगणकीय फसवणूक व गैरवापर यांविषयीचा संघीय कायदा अस्तित्वात आला. पुढे १ मार्च १९९० रोजी गुप्तहेर सेवेने टेक्सासमधील स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळनिर्मिती संस्थेवर छापा घातला आणि एका सायबरपंक खेळाच्या पुस्तकाचे हस्तलिखितही जप्त केले. शयनगृह आणि संगणक या दोन्ही ठिकाणी कायद्याचा हात पोहोचला असताना मेलिसा स्कॉट यांची 'ट्रबल अँड हर फ्रेंड्स' ही कादंबरी १९९४ साली प्रसिद्ध झाली. तिला लॅम्डा साहित्य पुरस्कार मिळाला.

कादंबरीच्या आरंभी हॅकिंगला कठोर शिक्षा ठरविणारा नवा कायदा संमत झालेला आहे. आभासी जगात 'ट्रबल' या नावाने गाजलेली इंडिया कार्लेस हे जग सोडते आणि आपली जोडीदार सेरीज हिलाही न सांगता निघून जाते. तीन वर्षांनी ती एका लहान समूहाच्या संगणकजालाची राखण करीत सरळमार्गी जीवन जगत असते. सेरीज एका मोठ्या कंपनीच्या सुरक्षा विभागात असते. अशा वेळी कोणीतरी 'ट्रबल' हेच नाव धारण करून कंपन्यांच्या जालांवर हल्ले करू लागते. गुन्हा दुसऱ्याचा, पण नाव तिचे. तपासयंत्रणा तिच्या दिशेने येऊ लागतात. निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी तिला ज्या जगाचा त्याग केला तेथेच परतावे लागते, आणि तेथे पाऊल ठेवणे हाच गुन्हा असतो.

विषाच्या पिशवीची जागा येथे नावाने घेतली आहे. ट्रबलला पोलिसांकडे जाऊन 'ती मी नव्हे' असे सांगता येत नाही, कारण 'मग तुम्ही कोण?' या प्रश्नाचे उत्तरही तिला अडचणीत आणणारे आहे. ट्युरिंग यांच्या तक्रारीची हीच शोकांतिका होती. समलिंगी व्यक्तीचे दुहेरी आयुष्य आणि हॅकरचे दुहेरी नाव यांची वीण स्कॉट यांनी कोणताही उपदेश न करता केवळ कथानकाच्या ओघात घातली आहे. ट्रबलचे मित्रमंडळ बहुतांशी समलिंगी हॅकरांचे आहे. प्रत्यक्ष समाजात ज्यांना स्थान नाही त्यांनी आभासी अवकाशात आपली वस्ती केली आहे, आणि नवा कायदा ती वस्तीही उठवू पाहतो.

शरीराविषयीची भूमिकाही येथे बदललेली आहे. कादंबरीत मेंदूत बसविण्याचे एक उपकरण आहे. त्यामुळे संगणकजालाचा अनुभव संपूर्ण शरीराने, स्पर्श आणि संवेदनांसह घेता येतो. जुने, प्रतिष्ठित हॅकर या उपकरणाची हेटाळणी करतात. ते स्वीकारणाऱ्यांत स्त्रिया, कृष्णवर्णीय व समलिंगी व्यक्ती अधिक आहेत. ज्यांना शरीरावरून सतत ओळखले व हिणवले जाते, त्यांनाच शरीराचा धोका पत्करण्याची सवय असते, असे यामागचे सूत्र आहे. केसला जे मांस वाटले, तेच येथे ज्ञानाचे साधन बनते.

कादंबरीचा शेवट मात्र वादाचा विषय होऊ शकतो. ट्रबल अखेरीस आभासी जगातील सीहेवन या नगराचा कारभार स्वीकारते. बंडखोराने कोतवाल होणे हा व्यवस्थेशी केलेला समझोता आहे, असा आक्षेप घेता येतो. दुसरीकडे, ज्या वस्तीला पोलिसांची फक्त भीती होती तिला दाद मागण्यासाठी स्वतःचे असे कोणी मिळाले, असाही या शेवटाचा अर्थ लावता येतो. सक्तीचे मूळ संरक्षणाच्या अभावात आहे हे मान्य केल्यास दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो.

'स्लो रिव्हर' : उपकाराची सक्ती

१९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी देताना लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई झाली. त्याच वर्षी निकोला ग्रिफिथ यांची 'स्लो रिव्हर' प्रकाशित झाली. तिला नेब्युला आणि लॅम्डा हे दोन्ही पुरस्कार लाभले. तिच्यातील भविष्यकाळात स्त्रीने स्त्रीवर प्रेम करणे ही कोणाच्या भुवया उंचावणारी बाब उरलेली नाही. तरीही नायिका सक्तीतून सुटत नाही, हे या कादंबरीचे महत्त्व आहे.

लोर ही जलशुद्धीकरणाच्या जैवतंत्रज्ञानावर मालकी असलेल्या अतिश्रीमंत घराण्यातील मुलगी. तिचे अपहरण होते. बंदिवासातील तिच्या विटंबनेचे चित्रीकरण जगभर दाखविले जाते. सुटकेच्या झटापटीत आपल्या हातून एकाचा मृत्यू झाला, अशी तिची समजूत होते. जखमी व विवस्त्र अवस्थेत ती एका इंग्रजी शहराच्या रस्त्यावर पडलेली असताना स्पॅनर नावाची स्त्री तिला आसरा देते. स्पॅनर ही चोरीच्या माहितीचा व्यवहार करणारी आहे. लोर घरी जाऊ शकत नाही, आणि पोलिसांकडेही जाऊ शकत नाही.

स्पॅनर तिच्यावर शस्त्र रोखत नाही. तिने जीव वाचविला आहे, छप्पर दिले आहे, दुसऱ्यांच्या ओळखी वापरून जगण्याची सोय केली आहे. या सर्वांची परतफेड लोरला गुन्ह्यांत साथ देऊन करावी लागते. दोघींचे प्रेम आणि देणेकरीपण एकमेकांत इतके मिसळलेले आहे की ही सक्ती आहे हे ओळखायलाच लोरला दीर्घकाळ लागतो. कथानक तीन काळांत विभागून, प्रत्येक काळासाठी वेगळी निवेदनपद्धती योजून ग्रिफिथ यांनी नायिकेची दुभंगलेली ओळख रचनेतूनच दाखविली आहे. लोर एका मृत स्त्रीची ओळख घेऊन सांडपाणी प्रक्रिया केंद्रात कामाला लागते, तेव्हा तिच्या सुटकेचा प्रारंभ होतो. हा प्रारंभही खोट्या नावाने, म्हणजे गुन्ह्यानेच करावा लागतो.

समलिंगी प्रेमावरील कलंक पुसला गेला तरी लाज, कर्ज आणि ओळखपत्राचा अभाव या बेड्या शिल्लक राहतात, असे ग्रिफिथ यांची कादंबरी दाखविते. ज्याची अधिकृत ओळख नाही त्याला मालक आणि मित्र यांतील फरक करणे परवडत नाही.

समारोप

तिन्ही कादंबऱ्यांचा एकत्रित विचार करता सक्तीच्या साधनांत होत गेलेला बदल स्पष्ट होतो. गिब्सन यांच्या कादंबरीत ती रक्तवाहिनीत असते, स्कॉट यांच्या कादंबरीत नावात, तर ग्रिफिथ यांच्या कादंबरीत नात्यात. पहिल्या कादंबरीचा नायक कायद्याबाहेर राहणे हे शौर्य मानतो. पुढील दोन कादंबऱ्यांच्या नायिकांना कायद्याबाहेर ढकलले जाण्याची किंमत ठाऊक आहे. या फरकामागे लेखिकांची केवळ कल्पनाशक्ती नसून एका संपूर्ण समाजगटाचा फौजदारी इतिहास आहे.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीने होणाऱ्या संबंधांना कलम ३७७ लागू करणे घटनाबाह्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तीत कलम ३७७ ची तरतूद नाही. धमकीखालील कृत्यांचा अपवाद मात्र कलम ३२ मध्ये कायम आहे, आणि तत्काळ मृत्यूच्या भीतीची अटही तशीच आहे. त्यामुळे बदनामीच्या भीतीने गुन्ह्यात ओढल्या गेलेल्या व्यक्तीला हा अपवाद आजही उपलब्ध नाही. एक कलम गेल्याने पोलीस ठाण्याचे दार उघडले. परंतु घर, वसतिगृह, महाविद्यालय आणि नोकरी यांतील भीती कायद्याच्या निकालाने एका दिवसात नाहीशी होत नाही. भ्रमणध्वनीतील एक संभाषण वा छायाचित्र दाखवून कोणाकडूनही काहीही करवून घेता येईल, अशी परिस्थिती जोवर आहे तोवर या कादंबऱ्या भविष्यकाळाच्या कथा ठरत नाहीत.

या कादंबऱ्या इंग्रजी साहित्य, विधी, समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र अशा चारही विषयांच्या वर्गांत उपयोगी पडू शकतात. संगणक सुरक्षेचे अध्यापन कुलूप किती मजबूत आहे या प्रश्नाशी सहसा थांबते. कुलूप उघडणाऱ्याच्या मानेवर कोणाची सुरी आहे आणि त्याने ओरडून मदत मागितली तर ती कोण देईल, हे प्रश्न तेथेही विचारले जाणे आवश्यक आहे. दंड संहितेतील लोहार निर्दोष ठरतो खरा; पण त्यासाठी त्याला घडलेली हकीकत न्यायालयासमोर निर्भयपणे सांगता आली पाहिजे. ट्रबल आणि लोर यांना नेमके तेवढेच करता येत नाही.